सात झऱ्यांचं पाणी

सात डब्यांतला शेवटचा डबा लिंतांगने मिरचीच्या वाफ्यात उपडा केला आणि रिकाम्या डब्यात पातेल्यातलं उकळून निवलेलं पाणी ओतलं. वळली, तर दारात सासू. हातात सात रंगांच्या चिकट भाताची परात.

"तुझ्या सासऱ्यांनी पहाटेपासून सात झरे पालथे घातले," इबू सुकार्ती म्हणाल्या, "आणि तू मिरच्यांना न्हाऊ घातलंस?"

आज तिच्या तान्ह्या लेकाचं, दानिसचं पाऊल पहिल्यांदा जमिनीला लागणार होतं. सात महिने त्याला कुणी खाली टेकू दिलं नव्हतं. रिवाजच तसा: आधी सात झऱ्यांच्या पाण्याने अंघोळ, मग भातावर पाऊल. पण दुसऱ्या झऱ्यात बदकं डुंबतात हे लिंतांगने स्वतः पाहिलं होतं, आणि अंघोळीला दानिस तोंड उघडंच ठेवतो.

भीती सांगायची लाज वाटली, म्हणून तिने कॉलेजात शिकलेलं काढलं.

"अहो इबू, पाणी सगळं एकच. तिकडे दक्षिणेला समुद्राचा तळ आपल्या बेटाखाली सरकतो, पाणी पोटात घेऊन. ते लाखो वर्षं खाली तापतं. मग आपला मेरापी ज्वालामुखी त्याची वाफ सोडतो, ती पावसात मिसळते, तोच पाऊस झऱ्यात, तोच नळाला. फिरून पुन्हा समुद्रात."

इबूंनी परात खाली ठेवली.

"म्हणजे डोंगराने लाखो वर्षं उकळलेलंच आहे?"

"हो ना."

"मग तू परत कशाला उकळलंस? गॅस फुकट येतो?"

लिंतांगने पातेलं पाठीमागे नेलं.

इबू पायरीवर टेकल्या. आवाज खाली आला.

"कुणाजवळ बोलू नकोस, पोरी. तुझ्या नवऱ्याच्या वेळी वाट खचली होती. सातही डबे मी गावच्या टाकीवर भरले. माझ्या सासूला शेवटपर्यंत पत्ता नाही. काय बिघडलं पामुजीचं?"

दोघींनी अंगणात पाहिलं. सदरा उलटा घातलेला पामुजी पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली वाकवाकून चष्मा शोधत होता. चष्मा कपाळावर होता. शेवटी त्याने कोंबडीलाच विचारलं.



लिंतांगने एकेक डबा रिकामा केला, विसळला, सातही दोरीत ओवून खांद्याला लावले.

"पाहुणे किती वाजता यायचेत?"

"दहाला."

"पहिला झरा कुठल्या वाटेने, इबू?"