सोबतचा आवाज

देवमनने खिशातला मोबाईल काढला, चष्म्याच्या फडक्याने पुसला आणि रत्नमालाच्या टेबलावर ठेवला.

"याच्यात भरून दे तुह्या मामीचा आवाज. रविवारी पुण्यानुमोदन हाय. तिले जाऊन वर्ष झालं."

रत्नमाला मालेगावच्या वाचनालयात कामाला होती. त्या वाचनालयाने आसपासच्या गावांतल्या बायांच्या ओव्या संगणकात साठवल्या होत्या. तूर भरडताना जात्यावर म्हणायच्या ओव्या. एकेचाळीस बाया होत्या. देवमनची गंगू त्यांतली सतरावी. ती गेल्यावर रत्नमालाने दोनदा निरोप धाडला होता, मोबाईल घेऊन या, आवाज घेऊन जा. देवमन आवाज घ्यायला गेला नव्हता. ऐकायची हिंमत नव्हती.

रत्नमालाने मोबाईलला हात लावला नाही.

"मामा, पोळ्याच्या आठवड्यात लाईट आली-गेली अन् डिस्क जळाली. सारा साठा गेला. नागपूरच्या संस्थेले आपण त्याची नक्कल देली होती, त्याईनं ते परत धाडली. चाळीस बाया परत आल्या."

"अन् एक?"

ती खाली बघू लागली. देवमनला तेवढंच पुरे झालं.

"मले म्हाईत होतं! इकला असंल कुठं. आवाज गोळा करून राह्यले, यंत्राले बोलाले शिकवून राह्यले म्हणे. मरेल बाईचा आवाज कायले लागते यंत्राले?"

रत्नमाला उठली, कपाटातून फाईल काढली आणि एक कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याचंच अक्षर होतं. गंगू गेल्यावर दोन महिन्यांनी लिहिलेलं. माझ्या पत्नीचा आवाज बाहेर कोणालाही देऊ नये. दिला असेल तेथून काढून टाकावा. खाली सही, तारीख.

त्याला तो दिवस आठवला. बस स्टँडवरच्या टपरीवर कोणीतरी सांगत होतं, आता मेलेल्या माणसाच्या आवाजात फोन येतात, हुबेहूब. तो चहा अर्धा टाकून इथे आला होता आणि रत्नमालाला चार लोकांत चोर म्हणाला होता.

"तुमी लिवलं तसंच केलं," रत्नमाला म्हणाली. "नागपूरहून काढाले लावला. मंग इथं एकच राह्यला. तो जळाला."

देवमनने कागद तिच्याकडे सरकवला.

"तुह्या मनानं एखादा लपवून ठेवाचा होता ना."

"अन् मंग तुमी काय म्हनलं असतं मले?"

देवमनने मोबाईल खिशात घातला आणि चार वाजताची बस धरली.

दुसऱ्या दिवशी शेजारची प्रयागबाई सुपात तूर घेऊन ओसरीवर आली. ती गंगूची जात्यावरची सोबतीण. देवमनने झालं ते सांगितलं. ती हळहळेल असं त्याला वाटलं होतं.

"तू तं लगनातही बुंदी मोजून घेतली होती," ती म्हणाली. "कोनावर भरवसाच नाई तुहा. आता बस भोगत."

"बोल, बोल."

"अन् मी काय एकटी भरडत होती का रे? जात्याच्या खुंट्याले दोघीचे हात लागते. मी ओवी उचलली का दुसरी ओळ गंगूच झेले. माहा आवाज हाय ना नागपुरात? मंग ते कुठं जाईन?"

देवमनने पायांत चपला सरकवल्या. तूर सुपातच राहिली. दोघं दुपारच्या बसने मालेगावला गेले.

रत्नमालाने प्रयागबाईची ओवी लावली. आधी जात्याची घरघर आली. मग प्रयागबाईचा जाड आवाज.

*तूर भरडू लागली, उडे दारामंधी कोंडा...*

आणि खालून, जरा उशिराने, दुसरा.

*बंधू माहा दुरून येते, दिसे पटक्याचा शेंडा.*

"हा तिचाच कायवरून?" देवमन म्हणाला. आवाज त्याने ओळखला होता, तरी म्हणाला.

तेवढ्यात घरघर थांबली. बारीक खोकला आला. "हळू ओढ ना व, प्रयागे. हात उपटतं का माहा?"

प्रयागबाई हसली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. देवमनने खिशातून मोबाईल काढून टेबलावर ठेवला.

रत्नमालाने ओवी त्याच्या मोबाईलमध्ये भरून दिली. मग तिने यादी दाखवली. गाणारीचं नाव, गाव, वर्ष. पुढे 'सोबतचा आवाज' असा रकाना होता आणि त्यात 'अज्ञात' लिहिलं होतं.

"त्या दिवशी दुसरीच पोरगी गेली होती. तिनं एकीचंच नाव लिवलं," ती म्हणाली. "आता मामीचं लिवू का?"

"लिव ना. इचारतं कायले?"

"नाव लिवलं का तुमचा तो जुना अर्ज यालेही लागू होते, मामा. मंग हेही नागपूरहून काढा लागंल. नाई तं अर्ज मागं घ्या."

"म्हंजे माहीही ओवी जाते का?" प्रयागबाई म्हणाली. "देवमना, मी अजून जित्ती हावो!"

देवमनने अर्ज मागे घेण्याचा कागद घेतला, घडी केली आणि चष्म्याच्या डबीत ठेवला. वाचून सही करतो, म्हणाला.

रविवारी बुद्धवंदना झाल्यावर मोबाईलवर ओवी वाजली. लोक जेवून गेले. संध्याकाळी तो ओसरीवर बसला असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. टपरीवरची ती गोष्ट ऐकल्यापासून असे फोन तो उचलत नव्हता. हा त्याने पहिल्याच घंटीला उचलला आणि काही न बोलता कानाला लावून धरला.

पलीकडून एक बाई म्हणाली, नमस्कार सर, आमच्या कंपनीची नवीन योजना आहे. तिचं सगळं बोलून होईपर्यंत त्याने ऐकलं.

कागद अजून चष्म्याच्या डबीत आहे. त्याच्यावर सही व्हायची आहे, आणि यादीत गंगूचं नाव लिहायचं राहिलं आहे.