बोटभर दरी

थांबा मित्रांनो, आधी हात पुसा. मी एक जुना घडीचा नकाशा आहे, आणि माझ्या उजव्या कोपऱ्यात जो तपकिरी गोल दिसतोय तो तलाव नाही, चहाच्या कपाचा डाग आहे. आजवर दोन पाहुण्यांनी तिथे पोहायला जायचा बेत केला होता, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म छापखान्यात झाला. आधी माझ्यावर निळा रंग आला, म्हणजे नद्या आणि तळी. मग हिरवी जंगलं आली. मग बारीक तपकिरी रेघा आल्या; त्या जिथे एकमेकींना खेटून बसतात तिथे चढ उभा असतो, असं छापणारा सांगत होता. मग लाल रस्ते आणि सगळ्यात शेवटी काळी अक्षरं. एकाच सकाळी चार नद्या, दोनशे गावं आणि एक किल्ला एवढा संसार माझ्या अंगावर उतरला. यातलं मी स्वतः काहीच पाहिलं नव्हतं. छापखान्याला एक खिडकी होती, पण तिच्यातून समोरची भिंत दिसायची. जगाबद्दल मला सगळं ठाऊक होतं आणि दिसलं काहीच नव्हतं. असे विद्वान तुम्हीही पाहिले असतील.

मला विकत घेतलं ते मिनिटरावांनी. ते बसगाड्यांच्या डेपोत वेळापत्रकं बनवायचे. कुठली गाडी कधी सुटणार आणि कुठे किती वाजता पोहोचणार हे सगळं तेच ठरवायचे. स्वतः मात्र कधी गाडीत बसले नाहीत, कारण घर डेपोच्या मागच्याच गल्लीत होतं. कुणी "साडेपाचला भेटू" म्हटलं तर ते "म्हणजे पाच तीस ना?" असं विचारून खात्री करून घेत. खरं नाव काहीतरी वेगळं होतं, पण ते पगाराच्या दिवशीच वापरात यायचं.

त्यांची बायको पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होती. हजारो पुस्तकं तिच्या हाताखालून गेली, वाचायला मात्र एकही मिळालं नाही. पण चित्रांची पानं चिकटवताना नजर जातेच. लग्नाच्या आठवड्यात तिने एका पुस्तकात अकरा कमानींचा दगडी पूल चिकटवला, त्यापुढे तटबंदीचं एक गाव चिकटवलं, आणि घरी येऊन म्हणाली, "अहो, हे आपण बघून येऊ या."

"येऊ या की," मिनिटराव म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन आले.

तेव्हापासून दरवर्षी सुट्टी जवळ आली की मला टेबलावर पसरलं जायचं. एका कोपऱ्यावर खळीचा डबा, दुसऱ्यावर इस्त्री, तिसऱ्यावर शब्दकोश, चौथ्यावर मिनिटरावांचं कोपर. मग ते बांधणीचा दोरा माझ्या लाल रस्त्यावर वळणावळणाने ठेवत, तो पट्टीवर मोजत आणि मिनिटं काढत.

"पाच पन्नासला निघायचं."

"निघू."

"पण दूध सहाला येतं."

"दूधवाल्याला सांगते, दोन दिवस नको."

"आणि परत आल्यावर चहा कशाचा करायचा?"

त्या वर्षीची सहल दुधावरून रद्द झाली. पुढच्या वर्षी कुलपावरून, त्याच्या पुढच्या वर्षी लेक झाली म्हणून, मग तिला दात येत होते म्हणून. बेत इतके बारकाईने व्हायचे की त्यांत जायला जागाच उरायची नाही. पण एक सांगतो, ती संध्याकाळ मला फार आवडायची. दोन डोकी माझ्यावर ओणवी झालेली असायची आणि बाई पुलाच्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारायची, "इथे किती थांबायचं?" मिनिटराव म्हणायचे, "नऊ मिनिटं." त्या नऊ मिनिटांवर ती वर्ष काढायची.

उघडझाप करून माझ्या घड्या झिजल्या, आणि बाराव्या वर्षी मी मधोमध फाटलो. मिनिटरावांचा चेहरा असा झाला, जणू डेपोच कोसळला. बाईने मला कारखान्यात नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत जोडलं. मित्रांनो, कारखान्यात एक रीत आहे. कडेला कड नुसती भिडवली तर जोड उसवतो, कडेवर कड चढवली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तिने कडेवर कड चढवली, वरून कापडी पट्टी लावली आणि मला दाबाखाली ठेवलं. लाल रस्ता लाल रस्त्याला असा बेमालूम मिळाला की कारखान्याचे मालक म्हणाले, "बाई, हा नकाशा आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त जगणार." एवढी स्तुती माझी त्याआधी कुणी केली नव्हती. पोटात जरा दडपल्यासारखं वाटायचं, पण स्तुतीच्या भरात मी तिकडे लक्ष दिलं नाही.

असे तीस बेत झाले. मग एका दुपारी बाई डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आली. सुईत दोरा जाईना आणि दाराच्या चौकटी खांद्याला लागू लागल्या म्हणून गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, "कडेकडेने अंधार येत जाईल. नळीतून बघितल्यासारखं दिसेल, संध्याकाळी तर दिसणारच नाही. पुढचं सांगता येत नाही. जे बघायचं ते यंदा बघून घ्या."

तिने पिशवी खुंटीला लावली, मला टेबलावर पसरलं आणि म्हणाली, "अहो, यंदा."

मिनिटराव म्हणाले, "दुधाचं—"

"अहो."

मिनिटरावांनी दोरा काढला.

लेक गाडी चालवायला शिकवायची. तिच्या शाळेची गाडी दोन दिवस मोकळी होती, सोमवारी शिकणाऱ्यांची परीक्षा होती. म्हणजे जायचं ते एकदाच. त्या गाडीच्या डोक्यावर 'शिकाऊ' अशी पाटी होती, त्यामुळे मागची वाहनं आमच्यापासून आदराने लांब राहत. आत दोन ब्रेक होते, एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी शिकवणाऱ्याच्या. चांगलं दिसावं म्हणून आई शिकवणाऱ्याच्या जागी बसली.

"आई, पायाशी ब्रेक आहे. त्याला हात लावायचा नाही."

"पाय लागला तर?"

"पायही लावायचा नाही."

मागे मिनिटराव बसले होते. एका मांडीवर मी आणि दुसरीवर वेळापत्रक. त्यात शेवटची ओळ अशी होती: तटबंदीचं गाव, पोहोचणे बारा चाळीस, सुटणे उद्या आठ. खोली तिथेच घेतली होती.

आम्ही पाच पन्नासला निघालो आणि सव्वानऊला मी पहिल्यांदा नदी पाहिली.

काय सांगू तुम्हाला! मी आयुष्यभर एक निळी रेघ अंगावर वागवली होती. मला वाटायचं, नदी म्हणजे तेवढंच. पण ती हलत होती. मित्रांनो, नदी हलते! हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्यावर उन्हाचे तुकडे पडत होते आणि ती ते घेऊन चालली होती, आणि तरी जागेवरच होती. पलीकडे डोंगर होते. तपकिरी रेघा मी खूप शोधल्या, एकही सापडली नाही. तिथे नुसती उंची होती. एवढी मोठी गोष्ट आपण अंगावर छापून घेतली आणि तीस वर्षं फुशारकी मारली, याची मला मनापासून लाज वाटली.

पूल आला आणि गाडी कचकन थांबली.

"आई!"

"पाय लागला," आई म्हणाली. लागला नव्हता, तिने दाबला होता.

ती उतरून कठड्याशी उभी राहिली. तिला एका वेळी दोनच कमानी दिसत होत्या. मान हळूहळू फिरवत तिने त्या मोजल्या. मग परत उलट्या मोजल्या, आणि म्हणाली, "अकराच आहेत. पुस्तकात खोटं नव्हतं." मिनिटराव घड्याळाकडे बघत उभे होते. नऊ मिनिटं झाली, पंधरा झाली. पंचविसाव्या मिनिटाला ती गाडीत बसली. मिनिटरावांनी बारा चाळीस खोडून बारा छप्पन्न लिहिलं.

बारा छप्पन्न झाले. तटबंदीचं गाव कुठेच नव्हतं. एक वाजला, एक दहा झाले. रस्ता नुसता चढत होता आणि दोन्ही बाजूंनी झाडं वाकली होती. मिनिटरावांनी दोरा पुन्हा माझ्यावर ठेवून मोजला.

"रस्ता चुकलाय. वळव गाडी."

"बाबा, मधे फाटाच नव्हता. चुकणार कुठे?"

"नकाशा खोटं बोलत नाही! दोराही नाही. मागच्या गावात खोली मिळेल, वळव. अगं, या झाडीत चार-साडेचारनंतर हिला दिसणार नाही. हिला या रानात अंधारात घेऊन फिरू का मी?"

ते ओरडत होते. इकडे माझी काय अवस्था झाली असेल! माझ्या भरवशावर हा माणूस उभा होता, आणि मला माझाच भरवसा वाटेना. गाडी वळली असती तर बाईचं बघणं तिथेच संपलं असतं.

"नकाशा द्या इकडे," आई म्हणाली.

तिने मला मांडीवर घेतलं. मी नीट दिसत नव्हतो, म्हणून ती बोट फिरवू लागली. बोट लाल रस्त्यावरून आलं आणि पट्टीच्या उंचवट्यावर थबकलं.

"अहो, हा जोड माझा ना?"

"तुझाच."

"मी कडेवर कड चढवलीय."

लेकीने गाडी कडेला थांबवली.

"किती?" मिनिटरावांनी विचारलं.

"बोटभर."

मिनिटरावांनी डोळे मिटले. "बोटभर म्हणजे सोळा किलोमीटर."

"तुमच्या बोटाने सोळा. माझं बारीक आहे, चौदा धरा."

लेक स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायला लागली. "म्हणजे अठरा वर्षं तुम्ही दोघं चौदा किलोमीटर खालीच दाबून बसलात? आणि कुणाला पत्ता नाही?"

पत्ता मलाही नव्हता, मित्रांनो. पोटातलं ते दडपण काय होतं हे मला तेव्हा कळलं.

"बाबा, बोला. वळू का?"

मिनिटरावांनी घड्याळ बघितलं, वेळापत्रक बघितलं. मग पुढच्या जागेवर बसलेल्या बायकोच्या मानेकडे बघितलं. ती मान वळत नव्हती. नजर समोर रस्त्याकडे लागलेली होती.

"चल पुढे," ते म्हणाले. "इथून पुढचं माझ्याकडे काही लिहिलेलं नाही."

तीन वळणं गेली. चौथ्यावर गाडी पुन्हा कचकन थांबली, आणि या वेळी कुणी "आई!" म्हणालं नाही.

झाडं संपली होती. खाली एक दरी उघडी पडली होती, पिवळ्या फुलांच्या शेतांनी काठोकाठ भरलेली. तिच्या तळाशी एक तळं होतं आणि तळ्याभोवती एक जुनं दगडी गाव. घरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उतारावर उभी होती. मधे एक मनोरा होता, आणि तेच गाव उलटं होऊन पाण्यातही वसलेलं होतं. ढगाची सावली एका कडेने आली, छपरांवरून चालत गेली, आणि मागून सगळं पुन्हा उजळलं. हे एवढं सगळं मी पोटात घेऊन अठरा वर्षं टेबलावर पडून होतो. माझ्यावर चहाचे कप ठेवले जात होते.

बाई बोनेटला टेकून उभी राहिली. सगळी दरी तिच्या नजरेत मावत नव्हती. मग तिने ती तुकड्यातुकड्याने घेतली. आधी मनोरा, मग छपरं, मग पाणी, मग पाण्यातली छपरं. कारखान्यात छापील पानांचे गठ्ठे एकावर एक नीट बसवून ती पुस्तक करायची, तशी. मिनिटराव तिच्या शेजारी उभे राहिले आणि तिला दिसत नव्हती ती बाजू सांगू लागले. "उजवीकडे पाणचक्की आहे. चाक फिरतंय."

"सांगू नका. मान वळवते, थांबा."

आम्ही खाली उतरलो. पाणचक्कीवाला पीठ झटकत बाहेर आला. मिनिटराव त्याला जरा घुश्शातच म्हणाले, "तुमचं गाव आमच्या नकाशात नाही."

पाणचक्कीवाल्याने मला वरून खालून पाहिलं. "आम्ही इथे चारशे वर्षं आहोत," तो म्हणाला. "तुमचा नकाशा कुठे होता?"

त्याने वरच्या मजल्यावरची खोली दिली. खिडकी तळ्याकडे होती. उजेड असेपर्यंत बाई तिथून हलली नाही. तटबंदीचं गाव राहिलं ते राहिलंच. मिनिटरावांनी वेळापत्रक काढलं, खाली नवी ओळ आखली आणि लिहिलं: दरीतलं गाव, पोहोचणे एक एकोणचाळीस. सुटणे या रकान्यावर पेन्सिल बराच वेळ टेकलेली होती. मग त्यांनी ती खिशात ठेवली. तीस वर्षांत त्यांनी मोकळा सोडलेला तो पहिला रकाना.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, अंधार कडेकडेने आला आणि मधेही पोहोचला. परवा लेक म्हणाली, "आई, हा नकाशा सोडवून नीट कडेला कड लावून देऊ का? गाव दिसेल तरी."

"हात लाव बघू," आई म्हणाली. लेकीने लावला नाही.

मित्रांनो, माझ्याकडून एवढंच मागणं आहे. मला माझ्याच घड्यांवर दुमडा. माझ्यावर कप ठेवू नका. फाटलो तर टाकू नका, हाताने जोडा, आणि जोड थोडा चुकला तरी लाजू नका. माझ्यावर चार नद्या आहेत, दोनशे गावं आहेत, एक किल्ला आहे, आणि यातलं काहीही बोटाला लागत नाही. शाई सपाट असते. बाई संध्याकाळी मला मांडीवर घेते, तिचं बोट माझ्यावरून चाचपडत निघतं, सगळ्या छापील जगावरून कोरडं जातं, आणि पट्टीच्या उंचवट्याशी येऊन थांबतं.

"आलो," ती म्हणते.

मग शेजारी बसलेले मिनिटराव घड्याळ न बघता विचारतात, "इथे किती थांबायचं?"