जुन्या ऑफिसचा प्रिंटर

नवऱ्याने माझा डावा डोळा कुकरच्या झाकणाने अधू केला आणि उजव्या हाताची दोन बोटं दारात चेंगरली. म्हणून माझ्या स्क्रीनवर अक्षरं टपोरी असतात, आणि दोन बटणं एकदम दाबायची तिथे मला एकामागून एक दाबली तरी चालतात. ही माझी सेटिंग. घर सोडताना दागिने त्याच्याकडे राहिले, सेटिंग तेवढी माझी उरली.

आम्ही दोघं एकाच विमा कंपनीत. इथे कुणाचा स्वतःचा कॉम्प्युटर नसतो, सगळं सर्व्हरवर. कुठल्याही खुर्चीत बसा, नाव-पासवर्ड टाका, की आपला डेस्कटॉप जसाच्या तसा समोर हजर. मोठ्या मॅडमनी माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत केली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या दादाला मी हात जोडले, "दादा, माझ्या सेटिंगला धक्का लावू नका हं."

"सगळं होतं तसंच राहील, ताई."

शब्दाला जागला मेला. प्रिंटरसुद्धा जुनाच ठेवला.

पहिल्या दिवशी मी एक पत्र छापायला दिलं. कोपऱ्यातला प्रिंटर ढिम्म. पुन्हा दिलं, तरी ढिम्म. बिघडला असेल म्हणून सोडून दिलं. माझी पत्रं तिकडे जुन्या ऑफिसात, नवऱ्याच्या टेबलाशेजारी बाहेर पडत होती. आणि कंपनीच्या शिस्तीप्रमाणे प्रत्येक पत्राच्या वर एक पान जास्तीचं: पाठवणाऱ्याचं नाव, शाखा, मजला, खुर्ची.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली आणि तो आत आला. आतून कडी घातली. टेबलावरचा फोन वायरीसकट उपटून माझ्या कानशिलात हाणला.

"लपतेस? आणि पानं माझ्याच प्रिंटरवर पाठवतेस? अक्कल तरी आहे का?"

केस मुठीत धरून त्याने माझं तोंड टेबलावर आपटलं. मग पुन्हा. ओठ फाटला, कीबोर्डवर रक्त सांडलं. काय घडलं होतं ते मला तेव्हा लख्ख कळलं.

"राजीनामा टाइप कर," तो म्हणाला. "सही कर आणि मुकाट्याने घरी चल. नाहीतर दुसरा डोळाही फोडीन."

मी टाइप केला. छापायला दिला. तो कोपऱ्यातल्या प्रिंटरपाशी जाऊन उभा राहिला. ज्या प्रिंटरने त्याला माझा ठावठिकाणा दिला, तोच रागाच्या भरात त्याच्या डोक्यातून गेला होता. कागद येईना तशी त्याने प्रिंटरला लाथ घातली. तेवढ्यात मी लिहिलं, 'हा मला मारून टाकतोय. पोलिसांना बोलवा.' पाठवलं. परत पाठवलं. पाठवतच राहिले. जुन्या ऑफिसातली सगळी माणसं माझ्या लग्नात जेवलेली होती.

तो वळला. माझी टपोरी अक्षरं त्याला तिथूनच वाचता आली.

त्याने माझा गळा धरला आणि अंगठे आत रोवले. डोळ्यांपुढे अंधारी आली. टेबलावर चाचपडताना फायलींना भोकं पाडायचं लोखंडी पंचिंग मशीन हाताला लागलं. ते मी त्याच्या कानाच्या वर मारलं. तो गुडघ्यांवर आला. पुन्हा मारलं. तो आडवा झाला. तिसऱ्यांदा मारायची गरज नव्हती, पण मारलं, आणि मला बरं वाटलं.

जेवून परतलेल्यांनी दार तोडलं. पोलीस त्यांनीच बोलावले. जुन्या ऑफिसातून एकही फोन आला नव्हता. माझी पानं पोचलीच नसतील असं मी मनाला समजावलं होतं. मग दादा तिकडे जाऊन आला. पानं प्रिंटरशेजारी होती. कुणीतरी ती गोळा करून, कडा जुळवून, पालथी घालून ठेवली होती.

नवरा आता तुरुंगात आहे. दादा पडेल चेहऱ्याने माझ्या खुर्चीपाशी आला. "चूक माझी, ताई. प्रिंटर आत्ता बदलून देतो."

"हात लावाल तर याद राखा," मी म्हटलं. "इथला हवा तर जोडीला द्या. तो तसाच राहू दे."

रोज सकाळी आल्या आल्या मी तिकडे एक पान पाठवते. 'मी जिवंत आहे. तुम्ही वाचलं होतं.' वरच्या पानावर माझं नाव, शाखा, मजला, खुर्ची असतेच. अजून कुणी भेटायला आलेलं नाही.