अलार्मला हार

आमच्या केमिकल कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. गेल्या वर्षी इंद्रजीतसाहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, चटकन पेटणाऱ्या सॉल्व्हंटच्या टाक्यांपाशीच निखाऱ्यांवर धूप घातला. साहजिकच धुराचा अलार्म बोंबलायला लागला.

"याला आत्ताच सुचलं का? बंद करा तो!" साहेब खेकसले.

मी इथली सेफ्टी ऑफिसर. म्हटलं, "साहेब, अलार्म नको, निखारे विझवा."

"मॅडम, देवाच्या कामात कायदे काढू नका."

आरती झाली, पेढे वाटले. अलार्म मात्र बंदच राहिला. चालू करा म्हटलं की साहेबांचं एकच उत्तर, "पुन्हा बोंबलत बसेल." सेफ्टीच्या ट्रेनिंगला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारा हाच तो शहाणा.

दिवाळीनंतर टाक्यांजवळच्या पंपाची मोटर पेटली. अलार्म गप्प. पाळीवरच्या कामगाराला, पिशोरच्या कडुबाला, वास आला म्हणून बरं. त्यानं वाळू टाकून आग विझवली. हात भाजले बिचाऱ्याचे.

साहेब गाडीतून उतरले आणि हात जोडून म्हणाले, "बघा, पूजा पावली."

"पावली व्हय?" कडुबा म्हणाला. "मंग हात माझेच कसे भाजले?"

या खंडेनवमीला साहेबांनी अलार्मलाही कुंकू लावलं, झेंडूचा मोठा हार घातला.

"आता तरी चालू करायचा?" मी विचारलं.

"पूजा तर उरकू द्या, मॅडम."

हार योग्य जागीच पडला होता. मेलेल्यांना घालतातच की.