बोनसचं तिकीट

दुबईत जबल अलीच्या फ्री झोनमध्ये एका कंपनीत वासुदेव सामंत मालाची कागदपत्रं तपासायचा, आणि त्या कामात तो भलताच कडक होता. बिलावर एक शिक्का कमी दिसला की अख्खा कंटेनर अडवून धरायचा. बारीक अक्षर आपल्या नजरेतून सुटत नाही, असं तो कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसेल त्याला ऐकवायचा. २००२ साली हाच माणूस ऑनलाइन कॅसिनोच्या बोनसला भुलला, आणि तोही मोठ्या, लाल, लुकलुकणाऱ्या अक्षरांना.

'दोनशे डॉलर भरा, वर दोनशे मोफत.' रक्कम रुपयांत केल्याशिवाय ती खरी वाटायची नाही, ही त्याची आखातातली जुनी खोड. दोनशे डॉलर म्हणजे सातशे चौतीस दिरहम, म्हणजे साडेनऊ हजार रुपये, आणि तेही बसल्या जागी. त्याची बायको कुंदा हिने भावाच्या लग्नाला कराडला जायचं म्हणून तिकिटाचे नेमके एवढेच पैसे वर्षभर डब्यात साठवले होते. वासुदेवने ते तिला न विचारता बँकेत टाकले आणि कार्डावरून कॅसिनोत भरले. खेळायचा त्याचा विचारच नव्हता. एका तिकिटाची दोन करायची, पैसे काढायचे, खलास. कुठला तरी कॅसिनो सामंतांच्या मेव्हण्याच्या लग्नाची सोय करायला टपून बसला आहे, हे त्याला एका मिनिटात पटलं.

स्क्रीनवर चारशे दिसले. करामा भागातल्या घरी येऊन त्याने जाहीर केलं की लेकीचं, केयाचंही तिकीट झालं. कुंदाने लगेच कराडला फोन करून दोघी येतोय म्हणून कळवलं आणि बारा वर्षांच्या लेकीसाठी परकर-पोलक्याचं कापड आणलं.

दुसऱ्या दिवशी पैसे काही निघेनात. आधी अटी वाचा, असं स्क्रीन सांगत होती. वासुदेवने ऑफिसच्या प्रिंटरवर अटींची अकरा पानं छापली, आणि स्वतः वाचायचा धीर होईना म्हणून घरी आणून केयाच्या हातात दिली.

"बाबा, इट सेज यू हॅव टु बेट थर्टी टाइम्स," केया म्हणाली. "डिपॉझिट प्लस बोनस. ओन्ली देन यू कॅन टेक इट आउट."

"म्हणजे?" कुंदाने विचारलं.

"चारशेच्या तीस पट खेळायचं, मगच पैसे काढता येणार," वासुदेव म्हणाला. "बारा हजार डॉलरचं."

"रुपयांत सांगा."

"अगं, ते डॉलरमध्येच असतं."

"बोनस मिळाला तेव्हा रुपयांत सांगितलात ना? मग अटही रुपयांतच सांगा."

त्याने सांगितलं. चव्वेचाळीस हजार दिरहम. जवळजवळ पावणेसहा लाख रुपये. साडेनऊ हजारांच्या फुकटासाठी पावणेसहा लाखांचे डाव.

"आणि दर डावात ते थोडं थोडं काढून घेणार," कुंदा म्हणाली. "इतक्या वेळा चिमूटभर पीठ काढलं तर परातीत काय उरेल?"

शेवटच्या पानावर केयाला एक ओळ सापडली. खेळायला सुरुवात केली नसेल तर बोनस रद्द करता येतो, आणि आपले दोनशे डॉलर आठवड्याभरात परत मिळतात. लग्नाला तीन आठवडे होते.

"उद्याच रद्द करा," कुंदा म्हणाली. "केया इथे राहील. मला जायचंय. एकुलता एक भाऊ आहे माझा."

"इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको. हो म्हणा."

तो हो म्हणाला, आणि म्हणताना मनापासून म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने रद्द करायचं बटण दाबलं तेव्हा स्क्रीनने विचारलं, 'तुमचे बोनसचे दोनशे डॉलर खरंच सोडून देता?' तुमचे, म्हणे. साडेनऊ हजार रुपये स्वतःच्या हाताने पाण्यात टाकायचे? लोकांचे कंटेनर अडवणाऱ्याला स्वतःचं बोट अडवता येईना. थोडं खेळून तर बघू, म्हणत त्याने 'नाही' दाबलं. तीन दिवसांच्या तीन सुट्ट्यांत चारशेचं शून्य झालं.

"तसं बघितलं तर आपले दोनशेच गेले," त्याने घरी सांगितलं. "बाकीचे दोनशे त्यांचेच होते."

कुंदाने ते कापड घडी करून कपाटात अगदी तळाशी ठेवलं. त्या रात्री ती जेवली नाही, आणि वासुदेवला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

लग्नाच्या दिवशी, निदान मंगलाष्टकं तरी ऐकू दे म्हणून, तो फोनचं कार्ड घेऊन आला. तीस दिरहमचं.

"यावर दहा मिनिटं मोफत आहेत," तो म्हणाला.

कुंदाने कार्ड उलटं केलं, खिडकीपाशी नेलं आणि मागची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली. मग ते त्याच्या हातात परत दिलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधाच होता.

"मुहूर्ताला अर्धा तास आहे. खाली जाऊन बिनबोनसचं आणा."

तो निमूटपणे निघाला. दहा मिनिटांचे रुपये किती होतात, ते जिना उतरताना तो पुटपुटत होता.