मास्तरचा दुसरा ब्रेक

पैज लागली ती जिन्यात, बंद पडलेल्या लिफ्टसमोर. मी दुसऱ्या मजल्यावरचा प्लंबर. समोरच्या दारात मास्तर. शाळेतला नव्हे, मोटार ड्रायव्हिंगचा. चोवीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून या माणसाने एकच काम इमानेइतबारे केलंय, ते म्हणजे स्वतःच्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा. त्या ब्रेकमुळे लोक वाचले, पण मास्तरच्या डोक्यात हवा गेली.

सोसायटीची सहल नदीवर निघाली होती. नवशिक्यांची नदी, कमरेएवढं पाणी, तीन छोटे खळाळ. मी सहज काडी टाकली, “मास्तर, तू काठावर बसून आमच्या चपला सांभाळ.”

“मी कुठलंही वाहन कंट्रोलमध्ये ठेवतो, नळोबा.”

“पडशील.”

“पडलो तर मागशील ते!”

काय मागू, काय मागू करत मी अजून तोंड उघडतोय, तोच मागून वहिनी, म्हणजे मास्तरची बायको, भाजीची पिशवी खाली ठेवत म्हणाल्या, “मागणार मी. पडलात तर मला गाडी शिकवायची. आईकडे जायचं तर बारा वर्षं तुमच्या सुट्टीची वाट बघतेय, आणि विचारलं की ‘तुला जमायचं नाही’. भर चौकातून शिकवायची. तुम्ही शेजारी मांडी घालून बसायचं. पाय ब्रेकला लागता कामा नये.”

मास्तरचा चेहरा उतरला, पण माघार घेईल तो मास्तर कसला? “आणि नाही पडलो, तर गाडीचा विषय कायमचा बंद.”

“बंद,” वहिनी म्हणाल्या. पिशवीचा बंद मात्र त्यांनी घट्ट धरला होता.

“आणि हा नळोबा पडला तर?”

“तर तुझी ती लाल ‘एल’ची पाटी गळ्यात अडकवून गाडीपुढे चालेन,” मी छाती ठोकून सांगितलं. पाण्याला मी काय घाबरणार? अख्खा जन्म त्याच्याशी भांडण्यात गेलाय.

नदीवर होड्या भाड्याने देणाऱ्या बाईंनी आम्हाला हेल्मेट, लाइफ जॅकेट चढवलं आणि तासभर काठाजवळ घोटवून घेतलं. “धार दिसली की सगळे हात आखडतात, आणि तिथेच उलटतात,” त्या म्हणाल्या. “पाण्यापेक्षा जोरात वल्हवा, तरच होडी तुमचं ऐकेल. खडकाला लागलात तर खडकाकडेच झुका. पाण्यात गेलात तर उताणे व्हा, पाय पुढे. आणि होडीत कुणीही उभं राहायचं नाही.”

मास्तरने एकट्याची कयाक घेतली. मी आणि वहिनी दोघांच्या होडीत. होडी वळवायचं काम मागच्याचं. मी वहिनींना मागे बसवलं.

“हिला मागे? संपलास!” मास्तर खदाखदा हसला.

पहिला खळाळ तो शीळ घालत उतरला. दुसराही. “बघ रे! नदी म्हणजे काय, ओला रस्ता!”

मागे वहिनींचं वल्हं मंदावलं. “भावोजी, हे काही पडत नाहीत.”

“मारू का हळूच धक्का? कुणाला कळणार पण नाही.”

“खबरदार! पडायचे तर स्वतःच्या पायाने पडू देत.”

काय जीभ होती! तिसऱ्या खळाळात मधोमध काळा खडक. मास्तरला तो दिसला आणि मी मागून स्पष्ट पाहिलं, त्याने वल्हं पाण्याबाहेर काढलं, डोळे मिटले आणि उजवा पाय करकचून दाबला. चोवीस वर्षांची सवय! पण नदीला कुठला आलाय ब्रेक? कयाक आडवी झाली, खडकाला चिकटली, मास्तर उलट्या बाजूला झुकला आणि गडप!

“थांबू या का?” मी ओरडलो.

“अजिबात नाही! वल्हवा, जोरात!”

मी वल्हवलं. वहिनींनी होडी खडकाला वळसा घालून अशी फिरवली, की आम्ही थेट खडकामागच्या शांत पाण्यात. मास्तर उताणा, पाय पुढे, शहाण्या मुलासारखा वाहत आला आणि आमच्या होडीची कड धरून लगेच सुरू झाला, “हळू! डावीकडे घे!”

“अहो, मला दिसतंय.”

मला राहवेना. विजयाची घोषणा द्यायला मी दोन्ही हात वर करून उभा राहिलो. पुढचं माझ्या नाकाला माहीत. वर आलो तेव्हा होडीत एकट्या वहिनी, कोरड्या ठणठणीत, आणि दोन बाजूंना दोन ओले पुरुष.

रविवारी सकाळी अख्खी सोसायटी गॅलरीत. गळ्यात लाल पाटी घालून मी पुढे. मागे गाडीत मास्तर मांडी घालून, हात गुडघ्यांवर, वर्गात शिक्षा झाल्यासारखा. गाडी दोनदा आचके देऊन बंद पडली. “तुला ज...” मास्तरने सुरुवात केली आणि वहिनींनी नुसतं बघितलं. तिसऱ्यांदा गाडी निघाली.

चौकात समोरून बस आली. मी मागे वळून बघितलं, तर काचेतून मला मास्तरचा गुडघा उडताना दिसला.

“अहो, मांडी!”

गुडघा खाली गेला. बसला वाट देऊन वहिनींनी गाडी अलगद वळवली, आणि उघड्या खिडकीतून मास्तरचं पुटपुटणं ऐकू आलं, “आता दुसरा गिअर टाक.”

बेकरीपुढे पाव घ्यायला आलेले लोक टाळ्या वाजवायला लागले. मी मान झुकवून त्या स्वीकारायला थांबलो, तर पाठीमागे हॉर्न.

“भावोजी, हात आखडू नका! पळा!”

पळालो. पाटी छातीवर आपटत होती.