पावलावरचं तेल

त्या ऑगस्टात आमची बिटर क्रीक नदी आटली आणि तिच्या तळातून देवाचा पुरावा वर आला. निदान आमचे धर्मोपदेशक ब्रदर क्लॉइस यांनी तसं जाहीर केलं.

रविवारची प्रार्थना संपली की अख्खं डोब्स फोर्ड गाव चर्चच्या कपड्यांतच नदीच्या पात्रात उतरायचं. टेक्सासच्या कुठकुठल्या गावांहून गाड्या यायच्या. बायका टाचांचे बूट हातात घेऊन दगडावरून चालायच्या, पुरुष टोपीनं वारा घ्यायचे. पात्रातल्या पांढऱ्या फरशीवर डायनोसॉरच्या पावलांच्या रांगा होत्या. त्या आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो. नवीन होती ती मधली दोरी, आणि दोरीच्या आत ऑलिव्ह तेलाची बाटली घेऊन उभे असलेले ब्रदर.

"हा कोण?" ब्रदर तीन बोटांच्या मोठ्या ठशाकडे हात करायचे.

"डायनोसॉर," गर्दी म्हणायची.

"आणि त्याच्या शेजारून चाललाय तो कोण?"

मग ते गुडघ्यावर बसायचे, शेजारच्या लांबट खळग्यात तेल ओतायचे आणि बोटानं सावकाश फिरवायचे. टाच. तळवा. पुढे एक, दोन, तीन, चार, पाच बोटं. कोरड्या धुळकट दगडावर काळंभोर माणसाचं पाऊल उमटायचं. गर्दीतून आवाज यायचा तो विहिरीत दगड पडल्यासारखा.

"हा माणूस. आदमाचा नातू-पणतू कुणीतरी. एवढा पाय कसा? तर त्या काळी पाप कमी होतं, म्हणून माणसं धिप्पाड होती."

"मग माझ्या मेहुण्याचा पाय वाटाण्याएवढा हवा," एका रविवारी मागून कुणीतरी म्हणालं.

ब्रदरही हसले. हसणं कुठे थांबवायचं ते त्यांना चांगलं कळत होतं. "शास्त्रज्ञ सांगतात, या दोघांच्या मध्ये कोट्यवधी वर्षं गेली. कोट्यवधी वर्षं या वीतभर जागेत मावतील का?"

"नाही."

"तुमचा आजा माकड होता का?"

"नाही."

"ज्याला माकड व्हायचंय त्यानं खुशाल झाडावर जावं. सावली तरी मिळेल."

मी मागे उभा होतो. मी तीस वर्षं शाळेची बस चालवली. त्या गर्दीतल्या निम्म्या लोकांना मी लहानपणी शाळेत पोहोचवलंय. माझी बायको लेनोरा त्याच शाळेत जीवशास्त्र शिकवायची. उत्क्रांतीचा धडा ती कधी गाळत नसे. त्यापायी तिला पत्रं आली, बाजारात लोकांनी तोंडं फिरवली. ती म्हणायची, "माणूस माकडापासून झाला असं मी कधीच सांगत नाही. माकडांचे आणि आपले पूर्वज एक होते, एवढंच सांगते. नातेवाईक निवडून मिळत नाहीत." मे महिन्यात ती कर्करोगानं गेली. तोंडं फिरवणारेच लोक तेव्हा जेवणाची भांडी घेऊन आले. दोन भांडी अजून माझ्या घरी आहेत. तळाशी नावं लिहिलेली आहेत, तरी परत करवत नाहीत.

त्या रविवारी ब्रदरनी दगडावरचं एक फडकं बाजूला केलं. खाली पितळेची पाटी होती, स्क्रूनं बसवलेली.

"लेनोरा टटल," त्यांनी वाचलं. "विज्ञान शिक्षिका. मरणापूर्वी तिने या पावलाचं सत्य मान्य केलं आणि ती तारली गेली." मग मान वर करून म्हणाले, "तिची सख्खी बहीण याला साक्ष आहे."

लोक माझ्याकडे वळले. कुणी खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं, मला आनंद झालाय.

वेल्डा, लेनोराची धाकटी बहीण, पहिल्या रांगेत होती. ती बुटांकडे बघत राहिली.

दुपारी मी तिच्या घरी गेलो. ती शेंगा सोलत बसली होती. मी बसलो आणि समोरच्या ढिगातल्या शेंगा घेतल्या.

"लेनोरा असं म्हणाली?" मी विचारलं. शेवटच्या क्षणी वेल्डा जागी होती. मला खुर्चीत डुलकी लागली होती.

"मी तसं सांगितलं नाही, दाजी."

"मग?"

"ब्रदरनी विचारलं, शेवटी ती शांत होती का? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, म्हणजे तिनं मान्य केलं. मी मान हलवली."

"का हलवलीस?"

तिनं सोललेले दाणे उगाच पुन्हा मोजल्यासारखे चाळले. "नाहीतर ती कुठे गेली असेल, याचा विचार मला करवत नाही. आता निदान झोप लागते."

"तुला झोप लागते. आणि ती मेल्यावर खोटी ठरते."

"तुम्हाला काय, तुमचा कशावर विश्वासच नाही."

"तिच्यावर होता," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी नदीवर ये. मी तुला बोलायला सांगणार नाही. फक्त बघ."

कारण मला एक गोष्ट आठवत होती. पूर्वीच्या एका दुष्काळात लेनोरानं वर्ग नदीवर नेला होता. बस माझी, बादल्याही माझ्या. तिनं मुलांना अख्खी फरशी घासून ओली करायला लावली होती. "कोरडा दगड अर्धंच सांगतो," ती म्हणाली होती.

पुढच्या रविवारी मी दोन बादल्या, जमीन घासायचा ब्रश आणि भांड्यांचा साबण घेऊन दोरीपाशी गेलो. ब्रदरनी नुकतंच तेल लावलं होतं.

"ऑरिन, दोरीच्या बाहेर."

"ब्रदर, तुमची जमीन काठापर्यंत. पात्र सगळ्यांचं आहे. लॉनीला विचारा."

लॉनी आमचा डेप्युटी, म्हणजे गावचा पोलीस. लहानपणी त्याला बस लागायची, म्हणून मी त्याला पुढच्या सीटवर बसवायचो.

"लॉनी, नदीत पाणी ओतणं गुन्हा आहे का?"

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "नदीत पाणी... नाही काका, असा कायदा माझ्या तरी ऐकण्यात नाही."

लोक हसले. मी दोरी ओलांडली.

"अभिषेकाच्या जागेवर साबण," ब्रदर गर्दीला म्हणाले. "दुःखानं याचं डोकं फिरलंय. प्रार्थना करा याच्यासाठी."

"करा," मी म्हणालो. "फक्त डोळे उघडे ठेवून करा. आणि मला एक सांगा. तेल लावायच्या आधी हे पाऊल तुमच्यापैकी कुणी पाहिलंय?"

कुणीच पाहिलं नव्हतं. ब्रदर आले की तेल यायचं, तेल आलं की पाऊल यायचं. पाऊस पडला की ब्रदर दर्शन बंद ठेवायचे आणि वर ताडपत्री घालायचे. पवित्र जागेला पाणी लागू नये म्हणून.

मी गुडघ्यावर बसून घासायला लागलो. साबणाच्या फेसाबरोबर पाचही बोटं वाहून गेली. खाली बोटं नव्हतीच, सपाट दगड होता. उरला नुसता लांबट खळगा. मग मी दुसरी बादली खळग्यावर नाही, त्याच्या चहूकडच्या फरशीवर ओतली.

ओला झाल्यावर दगडाचा रंग खुलला. पांढऱ्या फरशीत, खळग्याच्या पुढच्या टोकापासून, निळसर करड्या रंगाचे तीन लांब पट्टे फाकलेले दिसले. मधला सरळ, बाजूचे दोन तिरके. टोकाला नख्या.

ओपल स्ट्राउड पुढे आली. तिनं जन्मभर टर्की पाळल्या. "अगं बाई," ती म्हणाली, "हा तर टर्कीचा पाय. माझ्या अंगणात रोज उमटतो. फक्त ही टर्की घराएवढी होती."

लेनोरानं सांगितलेलं मी सांगितलं, तिच्याइतकं नीट नाही जमलं. जनावर चिखलात टाच टेकवून चाललं. टाचेचा खळगा राहिला. बोटांच्या खाचांत नंतर दुसरा गाळ भरला आणि त्याचाही दगड झाला. कोरड्या धुळीत दोन्ही दगड सारखे दिसतात, पाण्यात वेगळे. मी पुढचा खळगा ओला केला. तीन बोटं. त्याच्या पुढचा लॉनीनं स्वतः ओला केला. तीन बोटं.

"सैतान दगडाचे रंग बदलतो," ब्रदर म्हणाले.

"मग तो भांड्यांच्या साबणात राहतो म्हणायचा," ओपल म्हणाली. "माझ्या घरी रोज दोनदा येतो."

ब्रदरचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. त्यांनी पाटीवर हात ठेवला. "ठीक आहे. पण लेनोरानं मान्य केलं होतं, ते कशानं धुणार? वेल्डाबाई, या पुढे. सांगा सगळ्यांना."

वेल्डा आली. तिचे चांगले बूट साबणाच्या पाण्यात भिजले. ती वाकली आणि ओल्या दगडातल्या मधल्या बोटावरून तिनं हात फिरवला, टोकापर्यंत.

"ती पावलाबद्दल काही बोलली नाही," ती म्हणाली. "देवाबद्दलही नाही. ती म्हणाली, वेल्डा, पंखा ऑरिनकडे फिरव, तो घामाघूम झालाय. मी फिरवला. वळून बघते तर ती गेली होती."

मला हे माहीत नव्हतं.

"ब्रदर," वेल्डा म्हणाली, "स्क्रू-ड्रायव्हर द्या. नसेल तर लॉनीकडे चाकू असेल."

लॉनीकडे होता. पाटी तिनं स्वतः काढली.

त्यानंतर लोक शहाणे झाले असं मी म्हणत नाही. नदीच्या वरच्या अंगाला ब्रदरना दुसरं पाऊल सापडलंय असं ऐकतो. वेल्डा चर्चला जाते, मोठ्यानं गाते, आणि माझी त्याला ना नाही. तिला झोप येत नाही तेव्हा ती मला फोन करते.

माझं म्हणणं एवढंच. प्रार्थना करायची तर करा. पण कुणी दगडावर बोट फिरवून "हे बघा" म्हणालं, तर आधी त्याला बोट बाजूला घ्यायला सांगा. बाटली काढून घ्या. अख्खा दगड ओला करा, आपल्याला हवा तेवढाच नको. जे दिसेल ते माना, आवडलं नाही तरी. आपला आजा कोण होता, हे आपल्या आवडीवर ठरत नाही.

आणि मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालायचे असतील, तर त्याच्या घरचं कुणी जिवंत आहे का, ते आधी बघा. लेनोराच्या घरी मी आहे. माझ्या गाडीत दोन बादल्या कायम असतात.